प्रतिध्वनीची काठी

अंध मनुष्य अपरिचित घराच्या ओसरीवरून चालत असता भिंत दोन पावलांवर आली की आपोआप थबकतो, हे पुष्कळांनी पाहिलेले असते. हात पुढे केलेला नसतो, काठी भिंतीस लागलेली नसते, कोणी सावधही केलेले नसते; तरी पाऊल थांबते. पाहणारास तो चमत्कार वाटतो, आणि परमेश्वराने एक इंद्रिय नेले त्याच्या बदली दुसरे दिले, असे म्हणून तो आपले समाधान करून घेतो. परंतु हे दुसरे इंद्रिय कोणते, ते शरीरात कोठे वसते, आणि ज्याच्या ठायी ते मंद आहे त्यास अंगावर बाळगण्याजोग्या एखाद्या उपकरणाने त्याची जोड देता येईल काय, हे प्रश्न केवळ समाधानाने सुटणारे नव्हेत. त्यांचा इतिहास सुमारे पावणेतीनशे वर्षांचा आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ ज्या ठिकाणी चुकले आणि एका साध्या काठीने त्यांना ज्या ठिकाणी मागे टाकले, त्या दोन्ही ठिकाणांमुळे हा इतिहास विशेष बोधप्रद झाला आहे.

1749 साली दनी दिदेरो या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने अंधांविषयी पत्ररूपाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात प्युइझो गावच्या एका जन्मांध गृहस्थाचे वर्णन आहे. भांड्यात द्रव किती भरला हे तो ओतण्याच्या आवाजावरून ओळखी. विस्तव किती जवळ आहे हे त्याच्या धगीवरून ओळखी. आणि पुढ्यात एखादी वस्तू आहे हे तोंडावर होणाऱ्या हवेच्या आघातावरून ओळखी, असे दिदेरोने लिहिले आहे. या निबंधातील मतांमुळे सत्ताधाऱ्यांचा रोष होऊन दिदेरोला त्याच वर्षी व्हँसेनच्या किल्ल्यात कैद भोगावी लागली. त्याची ती हवेच्या आघाताची कल्पना मात्र निर्वेध पसरत गेली. पुढे तिला 'मुखदृष्टी' असे नाव मिळाले. पुष्कळ अंधही तसेच सांगत. भिंत जवळ आली की कपाळावर व गालांवर काहीतरी दाटून आल्यासारखे वाटते, असा त्यांचा अनुभव होता. ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे मात्र ज्याला कळत होते त्याचीही आपल्या इंद्रियाविषयीची समजूत चुकलेली होती, आणि ते सिद्ध होण्यास जवळजवळ 200 वर्षे जावी लागली.

या प्रश्नाची किल्ली प्रथम सापडली ती मनुष्यापाशी नव्हे, तर वटवाघळापाशी. इटलीतील पाव्हिया येथे लाझ्झारो स्पालान्झानी हा धर्मोपदेशक व प्राध्यापक 1793 साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, घुबडे आणि वटवाघळे घेऊन प्रयोग करू लागला. खोलीत मेणबत्तीचा अल्प प्रकाश असता घुबड नीट उडे. मेणबत्ती विझली की ते भिंतीवर आपटे. वटवाघूळ मात्र निबिड अंधारातही टांगलेल्या दोऱ्या चुकवीत फिरे. स्पालान्झानीने काही वटवाघळांचे डोळे नष्ट केले. तरीही ती पूर्ववत उडाली. अशी काही वटवाघळे सोडून देऊन पुढे ती पुन्हा पकडली, तेव्हा त्यांची पोटे कीटकांनी भरलेली आढळली. म्हणजे डोळ्यांवाचून त्यांची शिकारही अडली नव्हती. हे प्रयोग आज आपल्याला क्रूर वाटतात, आणि ते तसे होतेही. पण त्यांतून निघालेला प्रश्न टाळण्याजोगा नव्हता.

पुढच्याच वर्षी जिनिव्हा येथील शस्त्रवैद्य लुई ज्युरीन याने वटवाघळांचे डोळे तसेच ठेवून कान बंद करून पाहिले. ती तत्काळ वाटेल तेथे आदळू लागली. स्पालान्झानीने याचा पडताळा घेतला. त्याने कानांत अगदी लहान पितळी नळ्या बसविल्या. नळ्या मोकळ्या असल्या की वटवाघूळ बऱ्यापैकी उडे, बंद केल्या की आदळे. तेव्हा ते कानांनी मार्ग काढते हे उघड झाले. परंतु ते उडत असता मनुष्याला तर काहीच ऐकू येत नाही. मग ते ऐकते तरी काय? याला स्पालान्झानीपाशी उत्तर नव्हते. अशा वेळी पॅरिसचा सुप्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए याने स्वतः प्रयोग न करताच निकाल दिला की, वटवाघळाच्या पंखांच्या त्वचेत असलेल्या सूक्ष्म स्पर्शज्ञानाने हे कार्य होते. कुव्हिएचा अधिकार इतका मोठा होता की, प्रयोग मागे पडला आणि मत पुढे राहिले. वटवाघळाचा पंख आणि अंधाचा गाल या दोहोंविषयीची समजूत अशी एकच झाली, आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.

या समजुतीला पुन्हा धक्का बसला तो एका समुद्रावरील अपघाताने. 1912 च्या एप्रिलात 'टायटॅनिक' हे जहाज हिमनगावर आपटून बुडाले. त्याच वर्षी हायरम मॅक्झिम या यंत्रशोधकाने असे सुचविले की, वटवाघूळ ज्याप्रमाणे अंधारात अडथळा ओळखते त्याप्रमाणे जहाजालाही ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून हिमनग ओळखता येईल. वटवाघळाचा ध्वनी पंखांच्या फडफडीतून निघतो आणि तो फार खालच्या पट्टीचा असतो, हा त्याचा तर्क चुकला. पण प्रतिध्वनीची कल्पना बरोबर होती. पहिल्या महायुद्धात पॉल लाँजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने स्फटिकाच्या कंपनाने मनुष्याच्या कानाला न ऐकू येणारा अतिसूक्ष्म ध्वनी पाण्यात सोडून 1918 पर्यंत पाणबुडीवरून येणारा प्रतिध्वनी टिपला. जहाजांना अशा रीतीने कान लाभले. अंधांच्या उपयोगासाठी या कल्पनेचा विचार होण्यास मात्र आणखी अवकाश होता.

अंधांसाठी विजेचे पहिले शोधक यंत्र झाले तेही 1912 सालीच. परंतु ते ध्वनीचे नव्हते, प्रकाशाचे होते. सेलेनियम नावाच्या मूलद्रव्यावर उजेड पडला की त्यातून वीज अधिक सुलभतेने वाहते. या गुणाचा उपयोग करून बर्मिंगहॅम येथील फोर्निए डाल्ब याने एक पेटी तयार केली. ती ज्या दिशेला वळवावी त्या दिशेच्या उजेडाप्रमाणे टेलिफोनच्या कर्णयंत्रात आवाज उमटे. खिडकी कोठे आहे, दिवा कोठे आहे, हे अंधाला 'ऐकू' येऊ लागले. यंत्राची वाहवा झाली. परंतु अंधांपैकी काही जाणत्या मंडळींनी विचारले की, खिडकी शोधून आम्हांला करावयाचे काय? आमची अडचण चरितार्थाची आहे, वाचनाची आहे. डाल्बने पुढे आपली दिशा बदलली आणि छापील अक्षरांचे स्वरांत रूपांतर करणारे वाचनयंत्र करण्यामागे तो लागला. यंत्र उत्तम असून त्याने सोडविलेली अडचण यंत्रकर्त्याच्याच मनातील असावी, असा प्रकार पुढेही अनेकदा घडला.

वटवाघळाचे गूढ 1938 नंतर उकलले. हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पियर्स या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने श्रवणातीत ध्वनी मनुष्याला ऐकता येतील असे रूप देणारे यंत्र केले होते. डोनल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्याने पिंजऱ्यातील वटवाघळे त्या यंत्रापुढे आणली, आणि ज्यांना जग मुकी समजत होते त्या प्राण्यांचा कोलाहल यंत्रातून ऐकू येऊ लागला. ग्रिफिन आणि त्याचा सहकारी रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी छतापासून तारा टांगून सिद्ध केले की, वटवाघळाचे कान बांधले काय किंवा तोंड बांधले काय, दोन्ही प्रकारांत ते तारांवर आदळते. ते स्वतः ओरडते आणि आपल्याच ओरडण्याचा प्रतिध्वनी ऐकून मार्ग काढते. 1944 साली ग्रिफिनने या क्रियेस नाव दिले, आणि त्या लेखाच्या मथळ्यात अंध मनुष्य, वटवाघूळ व रडार या तिघांना एका ओळीत बसविले.

अंध मनुष्य त्या ओळीत आला याचे कारण कॉर्नेल विद्यापीठात त्याच सुमारास झालेले प्रयोग. मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल डॅलनबाक यांच्या मार्गदर्शनाखाली मायकेल सुपा आणि मिल्टन कॉट्झिन या दोन विद्यार्थ्यांनी ते केले, आणि त्यांचा वृत्तांत 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी सुपा स्वतः अंध होता. तो केवळ प्रयोगाचा विषय नव्हता; तो प्रयोगाचा कर्ताही होता. एका लांब दालनात चार व्यक्तींनी आळीपाळीने भिंतीकडे चालत जावयाचे, असा क्रम ठरला. दोघे अंध, दोघे डोळस; चौघांच्याही डोळ्यांवर पट्टी. भिंतीची प्रथम चाहूल लागताच त्यांनी तसे सांगावयाचे. आणि मग आदळू न देता शक्य तितके जवळ जाऊन थांबावयाचे. अंधांना दूर अंतरावरूनच चाहूल लागे. डोळस प्रथम आदळत. पण काही दिवसांच्या सरावाने त्यांनाही ती विद्या येऊ लागली. तेव्हा हे अंधांस मिळालेले एखादे निराळे इंद्रिय नव्हे, तर प्रत्येकाजवळ असलेली, परंतु गरज न पडल्यामुळे निजून राहिलेली शक्ती आहे, हे पहिल्याच पायरीला दिसून आले.

नंतर एकेक साधन काढून घेण्यात आले. बूट काढून जाड गालिच्यावरून मोजे घालून चालविले, तेव्हा पावलांचा आवाज मंदावला आणि चाहूल लागण्याचे अंतर घटले. पण चाहूल लागली. मग तोंड व मान जाड लोकरी आच्छादनाने झाकली आणि हातांत चामड्याचे हातमोजे घातले. हवेचा झोत त्वचेला लागण्याची आता शक्यताच नव्हती. तरीही भिंत कळली. शेवटी तोंड मोकळे ठेवले आणि कान घट्ट बुजविले. चौघेही प्रत्येक खेपेस भिंतीवर आदळले. 100 खेपा झाल्या, तरी एकदाही कोणास चाहूल लागली नाही. कान मोकळे ठेवून त्यांत सतत एकच स्वर सोडला, तेव्हाही तीच गत झाली.

यावरही एखादा शंकेखोर म्हणू शकला असता की, कान बुजविल्याने मनुष्य गोंधळला असेल. म्हणून शेवटचा प्रयोग फार चातुर्याने योजिला गेला. प्रयोगकर्ता स्वतः हातात ध्वनिग्राहक घेऊन भिंतीकडे चालू लागला, आणि परीक्ष्य व्यक्ती निराळ्या बंद खोलीत टेलिफोन कानाला लावून बसली. तिच्या तोंडापुढे भिंत नव्हती, हवा नव्हती; तारेवरून येणारे पावलांचे आवाज तेवढे होते. त्या आवाजांवरून दुसऱ्याच दालनातील दुसऱ्याच मनुष्यापुढे भिंत केव्हा आली, हे तिने सांगितले. येथे मुखदृष्टीचा निकाल लागला. पुढे 1947 मध्ये डॅलनबाक यांनी फिलिप वॉर्शेल यांच्यासह अंध असून बहिऱ्याही असलेल्या व्यक्तींची परीक्षा पाहिली. त्यांना अडथळ्याची चाहूल लागत नाही असे आढळले. कपाळावर जे दाटून आल्यासारखे वाटे, ते कानाने दिलेल्या वर्दीचे मनाने लावलेले रूप होते.

हा निर्णय केवळ ज्ञानाच्या कुतूहलाचा नव्हता. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि रुग्णालयांत दृष्टी गमावलेले तरुण सैनिक येत होते. 1944 साली अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली इंद्रियसाहाय्यक उपकरणांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. रडारने शेकडो मैलांवरील विमान कळत होते; मग दहा फुटांवरील खांब का कळू नये, असा विचार साहजिक होता. काहींनी श्रवणातीत ध्वनीची यंत्रे केली, काहींनी प्रकाशकिरणांची. सैन्याच्या संदेशवहन विभागाच्या एका यंत्रात प्रकाशाचा झोत पुढे जाई, अडथळ्यावरून परत येई, आणि तो कोणत्या कोनाने परतला यावरून अंतर कळे. यंत्रे प्रयोगशाळेत चालली. रस्त्यावर मात्र ती जड, मंद आणि अनाठायी बडबडी ठरली. त्यांपैकी एकही रोजच्या वापरात रुजले नाही.

त्याच 1944 साली पेन्सिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर नावाचा एक सार्जंट अंध सैनिकांना चालावयास शिकवीत होता. पूर्वी तो अंधांच्या शाळेत शिक्षक होता. तोपर्यंत अंधाची काठी म्हणजे टेकावयाची आखूड काठी असे. तिला पांढरा रंग देण्याचा प्रघात ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज याने 1921 मध्ये, दृष्टी गेल्यावर, आपली काठी रंगवून पाडला होता. पण तो रंग रस्त्यावरील इतरांसाठी होता, अंधाला त्यापासून काही कळत नसे. हूव्हरने काठी हलकी व छातीच्या हाडापर्यंत पोहोचेल इतकी लांब केली, आणि ती टेकावयास न देता पुढे अर्धवर्तुळात फिरवावयास दिली. डावे पाऊल पुढे पडते तेव्हा काठीचे टोक उजवीकडे टेकते, उजवे पडते तेव्हा डावीकडे. याप्रमाणे पुढील पाऊल जेथे पडणार ती जमीन काठीने अगोदरच तपासलेली असते. खर्च काही आण्यांचा, दुरुस्ती नाही, विद्युत्घट नाही. शिवाय टोकाच्या टकटकीने प्रतिध्वनीही मिळतो. समितीच्या सर्व यंत्रांहून ही काठी सरस ठरली, याचे कारण ती अंधाच्या कानाशी स्पर्धा करीत नव्हती. त्याला साहाय्य करीत होती.

तथापि काठीलाही मर्यादा आहे. ती जमीन सांगते, खड्डा सांगते, पायरी सांगते. कमरेच्या वर काय आहे हे सांगत नाही. उघडी राहिलेली खिडकीची झडप, उभ्या मालमोटारीचा मागे निघालेला सांगाडा, झाडाची खाली आलेली फांदी, यांच्या खालून काठी निर्विघ्न जाते आणि मागून येणाऱ्या मनुष्याच्या कपाळाला जखम होते. जखम भरते, पण पुढील कित्येक दिवस तो मनुष्य घराबाहेर पडावयास धजत नाही. यंत्राला खरे काम होते ते येथे. महायुद्धानंतरचा इतिहास म्हणजे हे काम नीट ओळखले जाण्याचा इतिहास होय.

युद्धकाळातील प्रकाशयंत्राची सुधारलेली आवृत्ती पारखण्याचे काम 1950 च्या सुमारास हॅव्हरफर्ड महाविद्यालयातील थॉमस बेनहॅम यांच्याकडे आले. ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते, आणि अंध होते. यंत्राच्या आत काय चालते हे त्यांना कळत होते आणि यंत्र हाती घेऊन रस्ता ओलांडणे म्हणजे काय हेही कळत होते. असा परीक्षक यंत्रकर्त्यांना पूर्वी क्वचितच लाभला होता. या परंपरेतून पुढे लेसर किरणांची काठी निघाली. तिच्यातून तीन किरण निघत: एक डोक्याच्या उंचीकडे, एक समोर, एक खाली. वरच्या अडथळ्याला उंच स्वर, खालच्या खड्ड्याला खालचा स्वर, आणि समोरच्या अडथळ्याला बोटाखाली कंप, अशी तिची भाषा होती. काठी काठीच राहिली. तिच्यात किरणांची भर पडली.

1960 नंतरच्या दशकात दोन विचारसरणी समोरासमोर आल्या. पाण्याखालील प्रतिध्वनियंत्रांवर काम केलेले इंग्लंडचे लेस्ली के यांचे म्हणणे असे की, अंधाच्या मेंदूला जितके अधिक कळवावे तितके चांगले. त्यांनी प्रथम हातात धरावयाचा श्रवणातीत ध्वनीचा 'टॉर्च' केला, आणि पुढे न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे त्याचा चष्मा बनविला. चष्म्याच्या मधोमध ध्वनी सोडणारे साधन आणि दोन बाजूंना ते ऐकणारी दोन साधने. अडथळा जितका दूर तितका स्वर उंच. डावीकडे असल्यास डाव्या कानात अधिक, उजवीकडे असल्यास उजव्या कानात. आणि पृष्ठभाग कसा आहे त्याप्रमाणे स्वराचा पोत निराळा. कानाचे छिद्र बुजू नये म्हणून आवाज बारीक नळीने कानाशी आणला होता. सराव झालेला मनुष्य या स्वरांवरून खांब आणि झुडूप यांत भेद करी. पण हा सराव म्हणजे एक नवी भाषा शिकण्यासारखाच होता, आणि तो सर्वांना साधण्याजोगा नव्हता.

अमेरिकेतील लिंडसे रसेल यांचे म्हणणे याच्या उलट होते. त्यांनी त्याच दशकात गळ्यात अडकवून छातीवर बाळगावयाची एक लहान पेटी तयार केली. मार्ग मोकळा असेल तर पेटी गप्प. सुमारे 6 फुटांच्या आत काही आले तर ती गुणगुणते. ते आणखी जवळ आले तर निराळा, अधिक तीव्र आवाज करते. खांब की मनुष्य, भिंत की झाड, याची ती वाच्यता करीत नाही. हात काठीसाठी मोकळा, आणि बहुतेक वेळ कानही मोकळे. अंगावर धारण करावयाच्या अडथळा-सूचकांचे जे प्रकार आज शाळामहाविद्यालयांतील विद्यार्थीही बनवितात, त्यांचे मूळ या छातीवरील पेटीत आहे. फरक इतकाच की, पुढे आवाजाच्या जागी त्वचेला जाणवणारा कंप आला, आणि कान पूर्णपणे मोकळा झाला.

अशा उपकरणाचे तत्त्व शाळकरी मुलासही समजण्याजोगे आहे. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे 20,000 कंपनांपलीकडील ध्वनी ऐकू येत नाही. उपकरण बहुधा 40,000 कंपनांचा एक लहानसा ठोका सोडते. ध्वनी हवेत सेकंदास सुमारे 340 मीटर जातो. अडथळा 3 मीटरांवर असल्यास ध्वनीला जाऊन येऊन 6 मीटर चालावे लागते, आणि त्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे 18 भाग लागतात. हा काळ मोजला की अंतर मिळते. अंतर कमी होईल तसा छोटी चलित्रे अधिक जलद कंप देतात. उन्हाळ्यात हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. परंतु हवा 20 अंशांवरून 40 अंशांवर गेली तरी 3 मीटरांत केवळ 10 सेंटीमीटरांच्या आसपास फरक पडतो. चालणारास तो जाणवतही नाही.

खऱ्या अडचणी गणितात नाहीत, रस्त्यावर आहेत. तिरपी गुळगुळीत काच ध्वनीला दुसरीकडेच परतविते, आणि भिंत असून उपकरण गप्प राहते. वाळत घातलेली घोंगडी ध्वनी गिळून टाकते. बारीक तार निसटते. खड्ड्यावरून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून उपकरण खड्ड्याला मोकळा रस्ता समजते. याच्या उलट गर्दीच्या पदपथावर चहूकडून माणसे असल्याने ते एकसारखे कंप पावते. आणि जो चौकीदार क्षणोक्षणी ओरडतो त्याच्या ओरडण्याकडे कोणी लक्ष देत नाही. सेकंदास 1 मीटर या बेताच्या चालीने चालणारास 1 मीटरवरील अडथळ्याची वर्दी मिळाली, तर थांबावयास एकच सेकंद मिळतो. त्या एका सेकंदात कंप कळावा, त्याचा अर्थ कळावा आणि पाऊल आवरावे, इतके सर्व झाले पाहिजे.

म्हणूनच अशा उपकरणाची परीक्षा डोळस मनुष्याने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली, तर ती फसवी होते. पट्टी बांधलेला मनुष्य घाबरलेला असतो. त्याच्या कानांना सराव नसतो. काठी धरावयाची रीत त्याला ठाऊक नसते. त्यामुळे कोणतेही यंत्र त्याला तारक वाटते. अंध मनुष्यापाशी वर्षानुवर्षे कमावलेला कान असतो आणि काठी असते. त्याला विचारावयाचे ते असे: काठी व कान यांनी जे कळत होते त्याहून अधिक काय कळले? आणि ते कळण्यासाठी पूर्वी कळत असलेल्यापैकी काय गमवावे लागले? या दोन प्रश्नांपैकी दुसरा प्रश्न विचारावयाचे राहून गेले, म्हणून कित्येक यंत्रे कपाटात पडून राहिली.

भारतात हे दोन्ही प्रश्न विचारले गेल्याचे एक उदाहरण दिल्लीचे आहे. तेथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत 2005 च्या सुमारास प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी या कामास आरंभ केला. अंध व्यक्तींना विचारले असता त्यांनी काठी बदला असे सांगितले नाही. कमरेवरील अडथळ्यांनी होणाऱ्या दुखापती सांगितल्या. त्याप्रमाणे नेहमीच्या पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसविता व काढता येईल असे श्रवणातीत ध्वनीचे उपकरण तयार झाले. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीचा अडथळा ते सुमारे 3 मीटरांवरून कंपाने कळविते. घरात किंवा गर्दीत हे अंतर कमी करून ठेवता येते. कान मोकळाच राहतो. निरनिराळ्या ठिकाणच्या अंध व्यक्तींकडून ते तपासून घेतले गेले, आणि त्यांच्या सूचनांप्रमाणे ते पुनःपुन्हा बदलले. 2014 साली ते सुमारे 3,000 रुपयांस मिळू लागले. विद्यार्थ्यांच्या हातून तयार झालेला पहिला नमुना आणि विकावयास ठेवलेली वस्तू यांमध्ये सुमारे 9 वर्षे गेली. ती यंत्र जोडण्यात गेली नाहीत. पकड, वजन, पाऊस, पडझड आणि किंमत यांची उत्तरे शोधण्यात गेली.

यंत्रे अशी सुधारत असता स्पालान्झानीच्या प्रश्नाचा एक धागा पुन्हा हाती आला. 2011 साली कॅनडातील संशोधकांनी, जिभेने टकटक करून प्रतिध्वनीवरून मार्ग काढणाऱ्या दोन अंध पुरुषांच्या मेंदूची तपासणी केली. प्रतिध्वनी ऐकत असता त्यांच्या मेंदूचा जो भाग जागृत झाला, तो डोळस मनुष्याच्या पाहण्याच्या कामी येणारा भाग होता. डोळ्यांकडून वर्दी येईनाशी झाल्यावर त्या भागाने कानांच्या वर्दीवर काम चालविले होते.

दिदेरोपासून आजवर ज्यांनी ज्यांनी अंधाला मदत करण्याचे मनात आणले, त्यांपैकी पुष्कळांनी त्याला रिक्तहस्त समजून आरंभ केला, आणि तेथेच त्यांचा हिशेब चुकला. उलट सुपा आपल्याच कानांत बोळे घालून भिंतीकडे चालत गेला, आदळला, आणि आपल्या हाती आधीपासून काय आहे हे त्याने स्वतः मोजून घेतले. बेनहॅम यांनीही परीक्षेचे मोजमाप आपल्याच हाती ठेवले. नवे उपकरण घेऊन कोणी आला तर त्याने प्रथम असा एखादा चालणारा शोधावा, त्याच्या हातातील काठी काढून न घेता उपकरण त्याला द्यावे, आणि नेहमीच्या रस्त्याने त्याच्याबरोबर काही दिवस चालून यावे. त्या वाटेवर त्याने उपकरण काढून खिशात ठेवले, तर ते का ठेवले हे विचारून परत प्रयोगशाळेत जावे.